टॉमनाब्रेच्या बाटलीवरची ओळ

डोळे मिटा पाहू. चोरून बघायचं नाही, मला कळतं. आता समजा, तुमच्या पुढ्यात एक रिकामी बरणी आहे. तिच्यात वर्षानुवर्षं कैरीचं लोणचं मुरलेलं. आज ती घासून, धुऊन, दिवसभर उन्हात ठेवून आणली आहे. झाकण काढा आणि नाक आत घाला. काय आलं? लोणचंच आलं ना? बरणी विसरत नाही. आणि चिनी मातीची बरणी विसरत नाही, तर लाकूड कसं विसरेल?

आता बरणीच्या जागी एक पिंप आणा. ओकच्या लाकडाचं, तुमच्या बाबांच्या छातीला लागेल एवढं उंच. दूर दक्षिणेत, स्पेनमधल्या हेरेस गावी त्यात शेरी नावाची द्राक्षाची वाइन भरून ठेवली होती. दोन वर्षं ती लाकडात मुरली. मग वाइन काढून घेतली, पिंप बोटीवर चढलं आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला, स्पे नदीकाठच्या टॉमनाब्रे गावात आलं. तिथे व्हिस्कीची भट्टी आहे. भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी बिनरंगाची असते. ती या पिंपात पंचवीस वर्षं अंधाऱ्या कोठारात पडून राहते, आणि बाहेर येते तेव्हा तिचा रंग चहासारखा झालेला असतो. पिंपाला जे जे आठवत होतं, ते ते तिने ऐकून घेतलेलं असतं.

ते काय, हे सांगायचं काम टॉमनाब्रेत एका मुलाचं असे.

दचकू नका. पिण्याचं नाही, फक्त वास घेण्याचं. दर पंचवीस वर्षांनी भट्टीचा मोठा वाढदिवस येई, आणि त्या दिवसासाठी कोठारातलं एकच पिंप निवडून त्याच्या मोजक्या बाटल्या भरल्या जात. त्या बाटलीच्या लेबलावर एक ओळ छापायची, खाली सांगणाऱ्याचं नाव. ती ओळ भट्टीच्या आळीत राहणाऱ्या मुलाने सांगायची, असा रिवाज. मोठी माणसं वास घेतात तेव्हा त्यांची जीभ मध्ये लुडबुड करते. चव आठवते, किंमत आठवते. मुलाला नुसता वास येतो.

सव्वाशेव्या वाढदिवसाला, आता भट्टीत पिंपं पारखणाऱ्या वॉटी आजोबांनी ओळ सांगितली होती, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. 'शाळेच्या दप्तरात विसरलेलं संत्रं.' दीडशेव्याला त्यांच्या मुलीने, इश्बेलने सांगितली. 'चर्चचं लाकडी बाकडं आणि आईच्या खिशातली मनुका.' त्या बाटल्या जमवणारी माणसं जगभर आहेत. बाटली फोडत नाहीत, काचेच्या कपाटात ठेवतात. एकदा जपानहून एक गृहस्थ आले, भट्टीपुढे उभी असलेली बाई म्हणजेच इश्बेल हे कळताच त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि तिची ओळ तिलाच म्हणून दाखवली.

तेव्हा इश्बेलच्या शेजारी तिची मुलगी मोरॅग उभी होती. त्या दिवसापासून मोरॅगच्या मनात पक्कं झालं. आजोबा, मग आई, मग मी.

१९९९ साल उजाडलं. भट्टीला पावणेदोनशे वर्षं होत होती आणि मोरॅग दहा वर्षांची होती. हिशेब असा चपखल जुळला होता, की देवानेच तो मांडला असावा असं तिला वाटे. ती कामालाही लागली होती. स्वयंपाकघरातल्या बरण्या डोळे मिटून हुंगायची. लवंग, दालचिनी, मनुका, काकवी, संत्र्याची साल. शेरीच्या पिंपात जे जे म्हणून सापडतं, ते सगळं तिला पाठ होतं.

आणि मग रोसियो आली.

रोसियोचे बाबा हेरेसचे, पिंपं बांधणारे कारागीर. भट्टीने त्यांना बोलावून घेतलं होतं. आई तिकडेच राहिली होती, बाळ व्हायचं होतं म्हणून. आजोबा मोरॅगला म्हणाले, "ती पोर एकटी आहे. तिला शाळेत घेऊन जात जा, भाषा शिकव."

मोरॅगने शिकवली, आणि मनापासून शिकवली, हेही सांगायला हवं. सकाळी बसथांब्यावर दोघी कुडकुडत उभ्या राहत आणि रोसियो तिला हेरेसच्या गोष्टी सांगे. तिची भाषा लंगडत चाले, पण नेमकी दारापाशी पोचे. "आमच्याकडे अंजीर छपरावर वाळतं. आजी मला राखणीला बसवते. मी झोपते. मांजर येतं आणि अंजिरांवरून चालतं. मग ती अंजिरं आम्ही खातो. थोडं अंजीर, थोडं मांजर."

मोरॅग हसून हसून बस चुकवायची.

ओळ कुणी सांगायची, त्या निवडीचा दिवस रविवार होता. वॉटी आजोबांनी आळीतली मुलं कोठाराच्या अंगणात गोळा केली. हेरेसहून नुकतंच आलेलं एक रिकामं पिंप आडवं टाकलं होतं. त्याचं बूच काढलं की एकेकाने त्या भोकाशी नाक न्यायचं आणि काय आलं ते सांगायचं.

"केक!" डगी म्हणाला.

"तुला सगळीकडे केकच येतो रे," आजोबा म्हणाले. "परवा मेंढीलाही केकच म्हणालास. पुढचा."

मोरॅगची पाळी आली. तिने शांतपणे वास घेतला आणि पाठ म्हणून दाखवावं तसं सांगितलं, "मनुका. संत्र्याची साल. लवंग, थोडी दालचिनी. मागून अक्रोड."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "एकूण एक बरोबर."

मोरॅगने आईकडे पाहिलं. आई हसली. झालं, तिला वाटलं, मिळालं.

शेवटी रोसियो पुढे झाली. तिने पिंपावर हात ठेवला, नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. डगी म्हणाला, "झोपली बहुतेक." तिने डोकं वर केलं तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"टोपी," ती म्हणाली. "माझे आजोबा दुपारी झोपतात. मी त्यांची टोपी घेते आणि तोंडावर ठेवते. उन्हात काम केलेली टोपी. आत त्यांचे केस."

वॉटी आजोबांनी काठी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकत ते खाली बसले आणि त्यांनी स्वतः नाक आत घातलं. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी याला जुनं चामडं म्हणत आलो. टोपी आहे ती."

मग त्यांनी सांगून टाकलं. शुक्रवारी नमुन्याच्या खोलीत, निवडलेल्या पिंपातल्या व्हिस्कीचा वास घेऊन ओळ सांगायला, रोसियो जाईल. तिला सर्दीबिर्दी झाली, नाकाची काही अडचण आली, तर मोरॅग.

मुलांनो, हेवा कसा असतो सांगू? तो उपाशी माणसासारखा नसतो. पोट भरलेलं असतं, तरी डोळा दुसऱ्याच्या ताटात असतो. मोरॅगला घर होतं, आई होती, आजोबा होते. रोसियोकडे यातलं निम्मंही जवळ नव्हतं. तरी त्या संध्याकाळी मोरॅगला वाटलं की हिने माझं सगळं नेलं. आजोबांचा तो बदललेला आवाज नेला, तेवढा तरी माझ्यासाठी ठेवायचा होता.

"बोलत का नाहीस?" आईने ताट पुढे सरकवत विचारलं.

"दात दुखतोय."

"दात दुखतोय की पोट?" आई म्हणाली. पोट म्हणताना तिने मोरॅगकडे असं पाहिलं, की मोरॅगने मान खालीच घातली. "अगं, आजोबांनी तुला बरोबर म्हटलं की."

"तिला बरोबर म्हटलं नाही," मोरॅग म्हणाली. "तिला 'आहे' म्हटलं."

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर रोसियोने तिचा हात धरला. "तू माझ्यासोबत चल शुक्रवारी. मला भीती वाटते." तो हात मोरॅगला विंचवासारखा वाटला. रोसियोची वेणी डोळ्यांत खुपायला लागली. तिचं लंगडं बोलणं, ज्याला ती कालपर्यंत हसत होती, ते आज मुद्दाम केल्यासारखं वाटायला लागलं. लाडात यायचं म्हणून करते, झालं. आणि ती काही चांगलं बोलली की जास्तच राग येई.

रोसियोला सर्दी व्हावी म्हणून मोरॅगने देवाची प्रार्थनाही केली. सर्दी डगीला झाली.

आता नमुन्याच्या दिवसाबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. टॉमनाब्रेत ती कुणी कुणाला सांगत नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊकच असते. नमुन्याच्या दिवशी आळीत मासा तळत नाहीत. कांदा परतत नाहीत. बायका अत्तर लावत नाहीत, पुरुष दाढीनंतरचं पाणी चोपडत नाहीत. हाताला वास असलेल्या माणसाला नमुन्याच्या खोलीत पाऊल ठेवता येत नाही, मग तो भट्टीचा मालक का असेना. वॉटी आजोबांच्या घरात तर वासाचा साबण बाराही महिने बंद. एल्गिनच्या मावशीने नाताळात मोरॅगला लॅव्हेंडरचा साबण दिला होता, जांभळ्या कागदातला. तो तसाच खणाच्या तळाशी पडून होता.

गुरुवारी दुपारी मोरॅगने तो बाहेर काढला.

"हा माझ्यासाठी?" रोसियोने कागद नाकाशी धरला आणि तिचा चेहराच पालटला. "आई चादरींत हे ठेवते. वाळलेली फुलं. मोरॅग, मला घरी गेल्यासारखं वाटलं!" तिने मोरॅगला मिठी मारली.

मिठीत असतानाच मोरॅग म्हणाली, "आज नको लावू. उद्यासाठी ठेव. उद्या मोठा दिवस आहे ना, सकाळी छान हात धुऊन ये."

एवढंच. एकही खोटा शब्द नव्हता त्यात. तोंडात साखर आणि पोटात सुरी म्हणतात, ती अशी.

शुक्रवारी सकाळी आळीत जेसी काकूंचा आवाज घुमत होता. त्या नवऱ्यावर ओरडत होत्या. "हेरिंग मासा काढलास तर तव्यासकट बाहेर फेकीन! आज नमुना आहे!" नवरा म्हणत होता, "अगं, नुसता बघत होतो." "बघूही नकोस. तुझ्या बघण्यालासुद्धा वास येतो!"

नमुन्याच्या खोलीत पांढरं टेबल, उत्तरेची खिडकी आणि काचेचे छोटे पेले. निवडलेल्या पिंपातली व्हिस्की एका पेल्यात ओतून वर काचेची चकती झाकली होती. वॉटी आजोबा खुर्चीत होते. भट्टीचे व्यवस्थापक पेट्री साहेब पेन्सिल घेऊन बसले होते. मोरॅग आणि इश्बेल दारापाशी उभ्या होत्या.

रोसियो अजून बोळात होती, तोच आजोबांनी मान वर केली.

"लॅव्हेंडर," ते म्हणाले.

पेट्री साहेब उठलेच. "अत्तराचं दुकान घेऊन कोण आलंय? बाहेर! पेला झाका, पेला झाका!"

रोसियो उंबऱ्यावर थबकली. तिने केस नीट विंचरले होते. हात पुढे धरले होते, लाल होईस्तोवर धुतलेले. काय चुकलं ते तिला कळेना. आजोबांनी तिला हळू आवाजात समजावून सांगितलं. हातांना वास आहे, तो नाकात आधी शिरतो, आज जमणार नाही.

"पण तुला कुणी सांगितलं नाही का गं?" इश्बेल म्हणाली. "साबण कुठून आला?"

रोसियोने मोरॅगकडे पाहिलं, अगदी क्षणभर. त्या नजरेत राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. मोरॅगच्या हातून नकळत चूक झाली आणि आता तिला रागावतील, एवढीच काळजी होती.

"आईचा," रोसियो म्हणाली. "आईने पाठवला."

आणि ती अंगणात गेली.

मोरॅगला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट हेवा आणखी भडकला. आतापर्यंत ती फक्त हुशार होती. आता चांगलीही निघाली! तेवढं तरी आपल्याकडे राहू द्यायचं होतं.

"ये, मोरॅग," आजोबा म्हणाले. "नाक आत, जीभ घरी. घाई नाही."

तिने चकती काढली आणि पेल्यावर वाकली.

वास आला. पहिल्यांदा मनुका, मग संत्र्याची साल. पाठ केलेली सगळी नावं एकामागून एक येऊन सलाम करून गेली. ती गेल्यावर खालून जे वर आलं, ते खोल होतं, गोड होतं, आणि मोरॅगला ते ओळखीचं वाटलं. ती त्याच्यामागे गेली. आणि तिला ऐकू आला रोसियोचा आवाज. बसथांबा, थंडी, दोघींच्या तोंडातून निघणारी वाफ. तिने नाक बाजूला केलं, श्वास सोडला, पुन्हा वाकली. पुन्हा तेच. स्वतःचं काही सापडेल म्हणून तिने आईचं कपाट आठवलं, चर्च आठवलं, आजोबांचा कोट आठवला. काहीही बसेना. त्या पेल्यात जे होतं, त्याला बसणारे शब्द एकाच मुलीने सांगितले होते.

"हं?" पेट्री साहेब म्हणाले.

"छपरावर वाळत घातलेली अंजिरं," मोरॅग म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि त्यांच्यावरून चालत गेलेलं मांजर."

पेट्री साहेबांनी टेबलावर थाप मारली. "मांजर! वा गं पोरी! आजवरची सगळ्यात भारी ओळ. बघा वॉटी, रक्तातच आहे." ते भराभर लिहायला लागले. इश्बेलने दोन्ही हात गालांवर ठेवले, तिचे डोळे चमकत होते.

आजोबांनी पेला ओढून घेतला. वास घेतला. "आहे," ते म्हणाले.

तोच शब्द होता. तोच आवाज, तोच बदललेला आवाज, आणि या वेळी तिच्यासाठी. मोरॅगने तो ऐकला, आणि तो तिला लागलाच नाही. दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपल्या दारात पडावं तसा तो पडून राहिला.

मग आजोबांनी पेला खाली ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोरॅग, आपल्याकडे छपरावर काय वाळतं गं?"

"काय वाळणार?" पेट्री साहेब हसले. "आपल्याकडे छपरावर पाऊससुद्धा वाळत नाही! कल्पना आहे पोरीची, कल्पना!"

आजोबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. ते नुसते तिच्याकडे बघत बसले, जणू त्यांना दुपारभर दुसरं काही कामच नव्हतं. मोरॅगला दिसलं की यांना कळलंय. आणि हेही दिसलं की हे सांगणार नाहीत. ही ओळ छापली जाईल, तिच्या नावाने, आणि पंचवीस वर्षं कपाटांत उभी राहील. ती फक्त गप्प राहिली की पुरे.

खिडकीतून अंगण दिसत होतं. नळाखाली रोसियो हात घासत होती, मूठभर वाळू घेऊन. घासायची, हुंगायची आणि पुन्हा घासायची.

मोरॅगच्या पोटातला हेवा गेला होता म्हणाल, तर नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तो तिथेच होता, अंग चोरून बसलेल्या कुत्र्यासारखा, गुरगुरत. तिला अजूनही ती ओळ हवी होती. अजूनही वाटत होतं, हिला का सुचावं, मला का नाही.

तरी ती म्हणाली, "ओळ रोसियोची आहे. आणि साबण माझा. मी मुद्दाम दिला."

पेट्री साहेबांची पेन्सिल थांबली. "मोरॅग!" इश्बेल म्हणाली. आजोबांनी फक्त डोळे मिटून घेतले आणि उघडले.

"मग आता?" पेट्री साहेब म्हणाले. "ती आत येऊ शकत नाही. अख्खी खोली बाद होईल. आणि पेला या दाराबाहेर जात नाही, तो नियम आहे."

मोरॅगने पेला उचलला. दोन्ही हातांनी धरला, वरून चकती घट्ट दाबली, आणि ती दाराकडे चालू लागली. "अगं, अगं!" पेट्री साहेब तिच्यामागे निघाले, पण आजोबांची काठी त्यांच्या वाटेत आडवी आली होती.

अंगणात गार वारा होता. रोसियोने वळून पाहिलं. तिची बोटं सोलवटली होती.

"मला माहीत होतं," मोरॅग म्हणाली. "वास चालत नाही, हे मला माहीत होतं. तू आत जाऊ नयेस म्हणून दिला."

रोसियो तिच्याकडे बघत राहिली. समजायला तिला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिचा चेहरा बंद झाला, दार लावून घ्यावं तसा. नळ वाहत होता.

मोरॅगला पळून जावंसं वाटलं. ती पळाली नाही. "हात मागे धर," ती म्हणाली. "पाठीमागे, लांब. पेला मी धरते. माझ्यासाठी नको, पण वास घे आणि ओळ तू सांग."

मग रोसियोने नळ बंद केला. तिने मोरॅगकडे पाहिलं नाही. हात मात्र पाठीमागे नेले, एकात एक गुंतवून, जितके लांब जातील तितके.

तेवढ्यात नदीकडून वाऱ्याचा झोत आला. मोरॅगने पटकन वाऱ्याकडे पाठ केली, खांदे पुढे घेऊन पेल्याला आडोसा केला, आणि चकती काढून पेला रोसियोच्या नाकाखाली धरला, हात जराही न हलवता.